मानवी उपस्थिती : एक परीक्षण

पुस्तकपरीक्षणासाठी आजवर माझ्याकडे कोणी पुस्तक पाठवलेलं नाही. बँकेतल्या कारकुनाकडे लोक पासबुक पाठवतात, आणि त्याचंही परीक्षण उभ्या उभ्या हवं असतं. तरी आज मी हे धाडस करतो आहे, आणि तेही अशा कृतीच्या बाबतीत, की जिला मुखपृष्ठ नाही, अर्पणपत्रिका नाही, किंमत तर नाहीच नाही. कृतीचं नाव 'हिड-सेन्सर-प्रॉक्स.सी'. नाव ऐकून सौ.ला ते खोकल्याचं औषध वाटलं.

त्याचं झालं असं. माझा पुतण्या मंदार संगणकात नोकरीला आहे. त्याच्या नव्या लॅपटॉपला म्हणे समोर माणूस बसला आहे की उठून गेला, हे कळतं. माणूस उठला की पडदा काळा, परत येऊन बसला की उजेड. मी त्याला सांगितलं, "आमच्या शाखेत हे काम हेडक्लार्क वर्षानुवर्षं करताहेत, आणि तेही चष्मा न लावता." पण मंदार विनोदाला दाद देणाऱ्यांतला नाही. त्यानं सात-आठ पानं छापून आणली आणि म्हणाला, "काका, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासता. ही तपासा बघू."

आता प्रथम कृतीची पार्श्वभूमी. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं ती १९९१ साली सुरू केली. तिचा जो गाभा, त्याला कर्नल म्हणतात (लष्करातला नव्हे; मीही आधी सावरून बसलो होतो). या गाभ्याला यंत्रातल्या एकेका अवयवाशी बोलायला एकेक दुभाषा लागतो, त्याला म्हणायचं ड्रायव्हर. आमच्या भाषेत काउंटरवरचा कारकून. आत तिजोरी, बाहेर जनता, आणि मध्ये हा बिचारा दोघांच्या शिव्या खाणारा. जवळ कोणी आहे का हे सांगणाऱ्या सेन्सरचा हा ड्रायव्हर २०१४ साली गाभ्यात दाखल झाला.

भाषाशैली रोखठोक आहे. विशेषणं नाहीत. समास भरपूर, पण ते सोडवायची सोय नाही. परिच्छेद आत सरकवताना आठ-आठ अक्षरांची जागा सोडायची, असा तिकडचा दंडक आहे. त्यामुळे जरा विचार खोल गेला की मजकूर पानाच्या उजव्या काठाला जाऊन धडकतो. मंदार म्हणतो, म्हणूनच फार खोल जाऊ नये अशी अपेक्षा असते. ही सूचना आमच्याकडच्या काही समीक्षकांना कळवायला हवी.

रचना मात्र मला मनापासून आवडली. सुरुवातीला लेखक एकेक वस्तू मागून घेतो : जागा, नोंदणी, मग पुढची नोंदणी. मध्येच कुठे नकार मिळाला तर तो हातपाय गाळत नाही. जे जे घेतलं ते उलट्या क्रमानं परत करतो आणि मगच बाहेर पडतो. स्ट्राँगरूमच्या किल्ल्या अशाच परत करायच्या असतात. इतक्या सरळ मनाचा नायक अलीकडच्या मराठी कादंबरीत मला भेटलेला नाही.

व्यक्तिरेखेबद्दल बोलायचं तर मुख्य पात्र एकच : 'ह्यूमन प्रेझेन्स', अर्थात मानवी उपस्थिती. २०१४च्या मूळ आवृत्तीत या उपस्थितीसाठी ३२ बिटांची जागा राखून ठेवली आहे. मंदारनं हिशेब करून सांगितलं, की एवढ्या जागेत चारशे एकोणतीस कोटींहून जास्त निरनिराळे आकडे मावतात. माणूस आहे किंवा नाही, एवढंच सांगायला! आमच्या हजेरीपुस्तकात दोन अक्षरांत भागतं, आणि त्यातलं एक आम्ही सहसा वापरत नाही. अलीकडे तर या घराण्यात 'लक्ष' नावाचं नवं पात्र आलं आहे. माणूस पडद्याकडे बघतो आहे का, ते टक्क्यांत सांगायचं. मार्चअखेरीला आमच्या शाखेत कोणी हे यंत्र बसवलं तर निघणारी सरासरी मी इथे छापू इच्छित नाही.

आता दोष. या जातीच्या सगळ्या सेन्सरांसाठी एक सामायिक नियमपत्रक आहे. त्यात म्हटलं आहे, की आकडा जितका मोठा तितकी वस्तू जवळ. पुढे म्हटलं आहे, की बऱ्याचदा या आकड्याला एकक नसतं. ठीक आहे. आणि शेवटी म्हटलं आहे, की प्रमाणानं गुणून आणि फरक मिळवून जे येईल ते मीटर. म्हणजे पाहुणा दारातून जसजसा आत येईल तसतसे मीटर वाढत जाणार! मी बी.कॉम. आहे, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीत संपला; पण जमेची रक्कम नावे टाकली की मला झोपेतसुद्धा कळतं. खरंखुरं अंतर मोजणाऱ्या सेन्सरांना म्हणे वेगळा रकाना आहे, तिथे आकडा वाढला की वस्तू लांब. मग किती जवळ म्हणजे जवळ? काही सेन्सरांच्या बाबतीत ते एका वेगळ्या फायलीत लिहून ठेवतात. त्या आकड्याच्या वर गेला तो जवळचा. लग्नाच्या आमंत्रणांची यादी करताना आमच्या घरी नेमकी हीच फाईल सापडत नाही.

इथवर मी लाल पेन्सिल मजेत चालवत होतो. मग मंदारनं या गुणण्याच्या प्रमाणाचा इतिहास सांगितला आणि माझी पेन्सिल थांबली.

२०१४च्या मूळ लेखनात हे प्रमाण चुकलं होतं. ते शून्य यायचं. कशालाही शून्यानं गुणलं की काय येतं हे सांगायला बी.कॉम.ची गरज नाही. २०२१च्या सुरुवातीला कोणीतरी ते पकडलं आणि तीन किमतींची दुरुस्ती दाखल झाली. रीतसर, सह्यांनिशी. कारण तिकडे प्रत्येक बदलाखाली 'हे मी केलं' अशी सही लागते आणि तो पुढे पाठवणाऱ्याचीही लागते, आमच्या व्हाउचरसारखंच. पण त्याच सुमारास शेजारच्या वहीत या पानावर दुसरं काम चाललं होतं. दोन वह्या एकत्र करताना एकाच ओळीवर दोघांचे हात पडलेले निघाले, की कुठली ओळ ठेवायची ते माणसाला ठरवावं लागतं. त्या एकत्रीकरणात दुरुस्तीच्या त्या ओळी गळाल्या. नवी नोंद बरोबर, जुनी नोंद बरोबर, फक्त मधली दुरुस्ती गेली. परत ती भरली २०२५ साली. चार वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. माझा कयास असा, की जो तो 'माणूस आहे का' एवढंच विचारत होता, 'किती' हे विचारायला कोणी आलंच नाही.

मला हसू आलं नाही, त्याला कारण आहे. २००६ साली आमच्या शाखेतल्या खातेवह्या संगणकावर चढल्या. मी नवा होतो. रात्री नऊ-नऊपर्यंत बसून आम्ही पानं जुळवत होतो. एका निवृत्त शिक्षिकेच्या मुदतठेवीच्या पानावर कोणीतरी लाल शाईनं लिहिलं होतं, की बाईंना साठ पूर्ण, अर्धा टक्का जादा. रक्कम चढली, तारीख चढली, नाव चढलं. लाल शाई चढली नाही. खाली 'तपासले' म्हणून जी सही आहे ती माझी. मी नवी यादी तपासली होती, ओळ न् ओळ. जुन्या पानाशेजारी ठेवून तपासली नव्हती. दोन वर्षांनी बाई भाच्याला घेऊन आल्या, त्याही दुसऱ्याच कामासाठी, तेव्हा ते उघडकीस आलं. फरक दिला गेला. "अहो, मला वाटलं व्याज उतरलं असेल. बँकेनं तपासलेलंच असणार ना," असं त्या म्हणाल्या आणि वर मलाच म्हणाल्या, "जाऊ द्या हो, बाळ."

तिकडच्या पद्धतीत एक गोष्ट चांगली आहे. दुरुस्तीखाली, ही कुठल्या जुन्या नोंदीची चूक निस्तरते आहे ते बारा अक्षरी क्रमांकानं लिहितात. माणसाचं नाव नाही, नोंदीचा क्रमांक. २०२५च्या दुरुस्तीत तर, अमुक एकत्रीकरणात अमुक ओळी हरवल्या, असं सरळ लिहून ठेवलं आहे. आमच्या वहीत त्या बाईंच्या पानावर नुसतं 'समायोजन' एवढंच आहे. अक्षर माझंच.

"काका, मग लिहू का तुमचं नाव?" मंदारनं विचारलं. "परीक्षण केलं, असं लिहायची सोय असते तिथे."

"सही नंतर," मी म्हटलं. "आधीची आवृत्ती आण. दोन्ही शेजारी ठेवू."

तो ती छापायला उठला, तेवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला. मी तिथेच शेजारी बसलो होतो.