‘पिंजरा’चा लाल कुठे गेला?

मंडळी, आजचा विषय थोडा चमत्कारिक वाटेल. ‘पिंजरा’ची जी आवृत्ती आपण घरी डिस्कवर बघतो, तिचे रंग कशाच्या आधारावर ‘दुरुस्त’ केले जातात, एवढंच मला बोलायचंय. आणि ते दौंडमध्ये, शिरूरहून आलेल्या तुम्हा लोकांसमोर बोलायला कारण आहे. चौफुला याच तालुक्यात. लावणीच्या नऊवारीचा रंग कसा दिसतो हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

‘पिंजरा’ १९७२ चा. कथेचं वळण ‘द ब्लू एंजल’ या १९३० च्या जर्मन सिनेमाचं, पण तो कृष्णधवल होता. व्ही. शांताराम यांनी तीच पडझड रंगात मांडली. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर पांढऱ्या कपड्यांतले, आणि संध्याबाईंची चंद्रकला व तिचा फड म्हणजे रंगांचा भडिमार. पांढरं त्या रंगात बुडत जातं, हाच सिनेमा. रंगांनी या माणसाला आधी एकदा दगा दिलेला होता, हेही लक्षात ठेवा. १९३३ च्या ‘सैरंध्री’साठी ते थेट जर्मनीला गेले आणि पदरी निराशा पडली. पुढे १९५५ ला ‘झनक झनक पायल बाजे’ टेक्निकलरमध्ये केला. असा दिग्दर्शक रंग सहज टाकत नाही.

आता प्रिंटचं काय होतं बघा. त्या काळच्या बहुतेक रंगीत प्रिंटमध्ये तीन थरांत तीन रंगद्रव्यं असतात. त्यातलं निळसर-हिरवं द्रव्य सगळ्यात आधी उडतं. मग सगळं चित्र गुलाबी, तांबूस होत जातं. अशा प्रिंटवरून डिस्क काढायची तर दुरुस्त करणारा साहजिकच लाल कमी करतो. पण द्रव्य सगळीकडे सारखं उडालेलं नसतं. सरसकट लाल ओढून घेतला की काळोख तांबूसच राहतो आणि उजेड हिरवट पडतो.

मी पाहिलेल्या एका आवृत्तीत नेमकं हेच झालंय. कंपनीचं नाव घेत नाही. तिथे मास्तरांचा पांढरा साबणाच्या जाहिरातीतल्यासारखा निळसर, आणि फडातल्या रात्री दुपार झाल्यासारख्या. दिव्याचा पिवळा उजेड म्हणजे दोष, असं समजून तो पुसलाय. चंद्रकलेची साडी विटकरी! प्रिंट म्हातारी झाल्याचा लाल वेगळा आणि तमाशाचा लाल वेगळा. पहिला काढताना दुसराही गेला. मग मास्तर कशाला भुलले, हा प्रश्न नव्या पोराला पडणारच.

कोणी म्हणेल, ज्यांनी तेव्हा पाहिला त्यांना विचारा. विचारावं, पण जपून. जत्रेतल्या तंबूत, घासलेल्या जुन्या प्रिंटवर ज्यांनी तो पाहिला, त्यांच्या आठवणीतला लाल कदाचित आधीच उतरलेला असेल. निगेटिव्हसुद्धा पूर्ण उत्तर देत नाही. प्रत्येक दृश्याला लाल, हिरवा, निळा उजेड किती द्यायचा हे लॅबमध्ये प्रिंट काढताना ठरतं, आणि तो निर्णय माणसांचा असतो. शांतारामबापू १९९० साली गेले. घरोघरी डिस्क आल्या त्या नंतर.

‘मंथन’चं नशीब बरं. १९७६ च्या त्या सिनेमाचं फिल्म हेरिटेज फाउंडेशनने पुनरुज्जीवन केलं आणि २०२४ ला तो कानला दाखवला. तेव्हा रंगांवर देखरेख करायला छायालेखक गोविंद निहलानी स्वतः होते. जिथे असा माणूस उरलेला नाही, तिथे चौकटीतल्या वस्तूंना विचारावं असं मी म्हणतो. कुंकू, हळद, जर, पितळी घुंगरू. यांचे रंग सिनेमाबाहेरही जिवंत आहेत. दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी चौफुल्याच्या एखाद्या कलावंत बाईंना अर्धा दिवस बसवा. रात्रीच्या दिव्यात हिरवी साडी कितपत काळी पडते, तोंडावरची पावडर कुठे पिवळी दिसते, हे त्या चटकन सांगतील. यंत्राला ‘तटस्थ’ चेहरा हवा असतो. तमाशात रंगवलेला चेहरा तटस्थ नसतोच.

याच सिनेमात गाव मास्तरांचा पुतळा पूजतं आणि समोर उभ्या जिवंत मास्तरांना ओळखत नाही. चकाचक आवृत्ती बघताना मला तो पुतळाच आठवतो.

डिस्कच्या वेष्टनावर गाण्यांची यादी असते, नटांची नावं असतात. रंग कोणत्या प्रिंटवरून घेतले आणि कोणाला विचारून, या दोन ओळीही तिथे छापा, एवढीच मागणी आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.