आयपी पत्त्याचं गाव कोण ठरवतं?

संशोधनाच्या प्रस्तावात "युजर कुठले आहेत ते आयपीवरून काढू" असं वाक्य बिनदिक्कत लिहिलेलं असतं. तुमच्याही प्रस्तावात असेल तर आधी तेच तपासा. आयपी पत्त्यात गावाचं नाव नसतंच. ते कुणीतरी अंदाजाने चिकटवलेलं असतं.

अंदाज कशावरून? एक, नोंदणी. आशियात एपनिक पत्त्यांचे गट वाटते. पण त्या नोंदीत कंपनीचं ऑफिस सापडतं, ग्राहकाचं घर नाही. दोन, नेटवर्क चालवणाऱ्यांनी स्वतः जाहीर केलेल्या याद्या. त्यांचा साचा 2020 च्या आरएफसी 8805 मध्ये आहे, पण यादीत लिहिलेलं खरंच असेल याची हमी साचा देत नाही. तीन, वेळेचं मोजमाप. फायबरमध्ये सिग्नल मिलिसेकंदाला साधारण 200 किमी जातो. जाऊन-येऊन 10 मिलिसेकंद लागले, तर यंत्र 1000 किमीच्या आतच असणार. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते. ती "इथेच आहे" म्हणत नाही, "याच्या पलीकडे नाही" एवढंच म्हणते.

माझा आक्षेप इथे आहे: डेटाबेस ही सगळी अनिश्चितता एका ठिपक्यात गुंडाळून देतात. पत्ता अमेरिकेत आहे एवढंच माहीत असेल, तर मॅक्समाइंड 38 उत्तर, 97 पश्चिम हा बिंदू देत असे. देशाचा मध्य, सोयीच्या पूर्णांकात! तो पडला कॅन्ससमधल्या एका शेतावर. 2016 मध्ये पत्रकार कश्मीर हिल यांनी हे उघड केलं, तेव्हा 60 कोटींहून जास्त पत्ते तिथे दाखवले जात होते. फसवणुकीचा माग काढत पोलीस आणि चिडलेले लोक वर्षानुवर्षं त्या घराच्या दारात येत होते. मग कंपनीने बिंदू एका तळ्यात हलवला.

तळ्यात कुणी राहत नाही, हे बरंच झालं. पण मुळात "माहीत नाही" हे उत्तर अक्षांश-रेखांशाच्या रूपात दिलं, ही खरी चूक. ती तळ्यात बुडत नाही.

मग तुम्ही काय करायचं? अचूकतेची त्रिज्या देणारा कॉलम असेल तर तो उडवू नका. मोबाइल डेटावर एकाच पत्त्यामागे शेकडो लोक असू शकतात. गडचिरोलीचा माणूस मुंबईत दिसू शकतो. दोन डेटाबेस जुळले म्हणून लगेच खूश होऊ नका. दोघांनी एकाच नोंदीवरून उचललं असेल, तर साक्षीदार एकच. ठिकाण पक्कं माहीत असलेले थोडे पत्ते जमवा, त्यांच्यावर डेटाबेस किती किलोमीटर चुकतो ते मोजा आणि प्रबंधात लिहा. आणि दावा देशापुरताच टिकत असेल, तर जिल्ह्यांचा नकाशा रंगवू नका.