चिखल सोडणारी मॅट

मॅट हातात आली की आधी उलटी करून पाहावी. दुकानात ती सुलटी ठेवतात, कारण चमक वरच्या बाजूला असते. पण नव्या एसयूव्हीसाठी घेतलेली मॅट गाडीत कशी वागणार, हे तिच्या पाठीवरून जास्त कळतं. चांगल्या मॅटच्या पाठीला बारीक, बोथट काटे असतात. ते गाडीच्या मूळ कार्पेटात रुततात आणि मॅटला पुढे सरकू देत नाहीत. चालकाच्या बाजूच्या मॅटला टाचेच्या मागे भोकं असतात. कंपनीने कार्पेटावर बसवलेल्या खुंट्या किंवा हूक त्यांतून वर येतात आणि लॉक होतात. भोक आणि खुंटी एकमेकांसमोर न ओढता, न ताणता आली, तर मॅट याच गाडीसाठी घडलेली आहे. ओढून बसवावी लागली, तर ती दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची आहे आणि डब्यावर आपल्या गाडीचं नाव छापलंय, एवढंच.

वाशिम जिल्ह्यातल्या रिठदसारख्या गावात हे बारकाईने पाहावं लागतं, कारण इथली गाडी एकाच दिवसात दोन टोकांचं आयुष्य जगते. सकाळी वाशिम-रिसोड रस्ता सोडून पांदणीने वावरात जाते आणि दुपारी तीच गाडी मालेगावकडून समृद्धी महामार्गाला लागते. तिथे वेगाची मर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. एमएच 37 ची पाटी लावलेल्या स्कॉर्पिओ, बोलेरो, एक्सयूव्ही आता गावोगाव दिसतात. पूजा होते, चाकाखाली लिंबू ठेवतात, शोरूमवाले फुकट म्हणून मॅटचा एक सेट डिकीत टाकून देतात. तो बहुधा कार्पेटचाच असतो. पहिल्या पावसात त्याचं काय होतं, ते पेरणीच्या दिवसांत गाडी वावरात नेणाऱ्या कुणालाही विचारावं.

आपली काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. तिचे कण अतिशय पातळ थरांचे असतात आणि पाणी त्या थरांच्या मधे शिरतं. म्हणून ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चपलेच्या तळाला ती एकावर एक थर देत चिकटते, पाय जड होत जातो आणि तो सगळा जडपणा घेऊनच माणूस गाडीत बसतो. कार्पेटात ही माती शिरली की धाग्यांच्या बुडाशी जाते, वाळून घट्ट होते आणि मग प्रत्येक खड्ड्याला थोडी थोडी धूळ होऊन वर येते. ओल तर त्याहून खाली उतरते. कार्पेटाखालच्या नमद्यात शिरलेलं पाणी दिवसेंदिवस सुकत नाही. आधी कुबट वास येतो, गंज मागाहून दिसतो.

आता मॅट सुलटी करू. वरची नक्षी हा या वस्तूचा सगळ्यात वाचण्याजोगा भाग. ‘ऑल वेदर’ म्हणून ज्या जातीच्या मॅट जगभर विकल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच बर्फाच्या प्रदेशांचा विचार करून घडल्या. अमेरिकेत डेव्हिड मॅकनील यांनी 1989 साली वेदरटेक ही कंपनी सुरू केली, ती इलिनॉयमध्ये. तिथे हिवाळ्यात बुटांना लागून बर्फ आणि रस्त्यावर टाकलेलं मीठ गाडीत येतं. बर्फ वितळतो, खारं पाणी होतं आणि ते पायाखालून दूर न्यायला अरुंद, खोल पन्हळी लागतात. त्या कामासाठी ती रचना खरोखर सुरेख आहे. पण आपल्या पायाला येतो तो बर्फ नाही. अरुंद खोल पन्हळीत काळी माती बसली की ती बोटाने निघत नाही, ब्रशाने निघत नाही. वॉशिंग सेंटरवर नुसत्या मॅट धुवायला पुन्हा पैसे मोजावे लागतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. काळ्या मातीच्या गावाने पन्हळी रुंद आणि उथळ असलेली मॅट निवडावी, आणि कोपरे काटकोनी नसून गोलसर असलेली. अशा मॅटवर चिखल वाळू द्यायचा, घाई करायची नाही. दुसऱ्या दिवशी मॅट बाहेर काढून दोन्ही हातांनी जराशी मुरगाळायची. जी माती सुकताना आक्रसते आणि शेताला भेगा पाडते, तीच इथे आपल्या मदतीला येते: तिचे पापुद्रे उचलले जातात आणि पिळाबरोबर सुटून पडतात. उरलेली धूळ एका बादलीत जाते. हे ज्या मॅटवर घडतं तिचा पृष्ठभाग हाताला किंचित रेशमी लागतो, ना गुळगुळीत ना खरखरीत. टीपीई या रबरासारख्या प्लॅस्टिकला हा पोत चांगला येतो. ते वाकवलं की लगेच मूळ आकारात येतं आणि मे महिन्यात गाडी उन्हात उभी राहिली तरी स्वस्त पीव्हीसीसारखा उग्र वास सोडत नाही.

काठही वाचावेत. चांगल्या मॅटचा काठ परातीसारखा वर उचललेला असतो, दाराच्या उंबऱ्याकडे जरा कमी आणि गाडीच्या मधल्या उंचवट्याकडे जास्त. साठ बाय पन्नास सेंटिमीटरच्या मॅटवर एक सेंटिमीटर पाणी साचलं तर ते तीन लिटर होतं. श्रावणातल्या झडीत भिजून आलेल्या माणसाच्या कपड्यांतून निथळणारं पाणी एवढ्यात सहज मावतं. काठाच्या कोपऱ्यात अंगठा दाबून पाहावा. तापवलेला पत्रा साच्यावर ओढून केलेल्या मॅटचा कोपरा ताणला जाऊन पातळ होतो, साच्यात ओतून केलेल्या मॅटची जाडी सगळीकडे जवळपास सारखी राहते. फाटायची ती आधी कोपऱ्यातच फाटते.

दुकानात गिऱ्हाइकाला भुरळ घालते ती ‘सेव्हन-डी’. चामड्यासारखा रेक्झिन, आत फोम, वर शंकरपाळ्यांची शिलाई. दिसायला ती देखणी आहे, यात वाद नाही, आणि शहरात डांबरावरून डांबरावर फिरणाऱ्या गाडीला ती शोभते. पण त्या शिलाईकडे जवळून पाहा: प्रत्येक टाक्याला सुईचं एक भोक आहे. त्या भोकांतून पाणी फोमात जातं आणि तिथेच राहतं. गुंतवळासारख्या पीव्हीसी तंतूंची कॉइल मॅट कोरडी धूळ आणि सोयाबीनचं कुटार पोटात घेते, वरून स्वच्छ दिसते, म्हणून हिवाळा-उन्हाळ्यात तिची सोय वाटते. ओली काळी माती मात्र त्या तंतूंना असा विळखा घालते की मॅट फेकावी लागते.

आता पायाच्या टोकाकडे येऊ, आणि इथे कुठलीही तडजोड नको. 28 ऑगस्ट 2009 रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ लेक्सस ईएस 350 ही सेडान भरधाव सुटली आणि तिच्यातले चौघे गेले. ती गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिलेली होती. तिच्यात लेक्ससच्याच एका एसयूव्हीची ऑल वेदर मॅट टाकली होती, लॉक लावलेले नव्हते, आणि अॅक्सिलरेटर त्या मॅटमध्ये अडकला. त्यानंतर टोयोटाने मॅटच्या कारणावरून सुमारे 38 लाख गाड्यांसाठी रिकॉल जाहीर केला. मॅट चांगल्या दर्जाची होती. गाडी तिची नव्हती.

ही हकिगत ठाऊक असली की मॅटच्या पुढच्या कडेला दिलेला तो वळणदार काप नुसता आकार वाटत नाही. आपल्या गाड्या उजव्या हाताच्या. अॅक्सिलरेटर उजवीकडे दाराच्या बाजूला, तर क्लचजवळचा पाय टेकायचा कट्टा डावीकडे. अमेरिकी गाडीत पेडलांचा क्रम हाच राहतो, पण दार डावीकडे आणि मधला उंचवटा उजवीकडे येतो आणि मॅटचा आकार त्याप्रमाणे बदलतो, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने त्याच मॉडेलची मॅट प्रेमाने आणली तरी ती इथे बसवू नये. मॅट टाकल्यावर इंजिन बंद ठेवून तिन्ही पेडल तळापर्यंत दाबावीत, टाचेने मॅट पुढे ढकलून पुन्हा दाबावीत. आणि कार्पेटच्या मॅटवर दुसरी मॅट कधीही टाकू नये. स्वस्तात काम होतं म्हणून हे घरोघर करतात, आणि मला त्याची खरोखर भीती वाटते.

मॅटचा मोठा गुण मात्र चालकाच्या बाजूला दिसत नाही, तो मागच्या दाराशी दिसतो. नवी गाडी दारात आली की घरातली म्हातारी माणसं तिच्यात बसायला बिचकतात. वावरातून आलेली आजी दार धरून उभी राहते आणि विचारते, ‘पाय धुऊ का रे बाबू?’ ज्या जमिनीच्या पिकावर गाडीचे हप्ते फिटतात, तीच माती पायाला लागली म्हणून तिने ओशाळं व्हावं, हे मला पटत नाही. सीटवरचं प्लॅस्टिक वर्षभर न काढणाऱ्या आणि पाहुण्याला चपला हातात घ्यायला लावणाऱ्या घरांनी मागच्या रांगेची मॅट सगळ्यात आधी घ्यावी, आणि मधल्या उंचवट्यावरून अखंड जाणारी घ्यावी. दोन तुकड्यांची घेतली तर मधे बसणाऱ्याचे पाय उघड्या कार्पेटावर पडतात, आणि मधे बसायला नेहमी आजीच असते. मग नातवाला बेलाशक म्हणता येतं, ‘बस वं आजी, खाली मॅट हाय.’

सहा आसनी आणि सात आसनी गाडीचे सेट वेगळे असतात, ते मागवताना सांगावं. रंग काळाच घ्यावा असं नाही. राखाडीवर वाळलेली माती कमी डोळ्यात भरते, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न.

डिकीचा ट्रे निवडताना नक्षीचा विचार उलटा करावा लागतो. तिथे पाय पडत नाही. खताचं पोतं, फवारणीचा पंप, तुरीची पिशवी, कधी झाकण सैल झालेली औषधाची बाटली, हा तिथला संसार. पोतं ओढताना अडू नये म्हणून तळ जवळजवळ सपाट हवा आणि काठ चांगला उंच, म्हणजे औषध सांडलं तरी कार्पेटात न जाता ट्रेमध्येच राहील. मग ट्रे उचलायचा आणि विहीर, नाला, जनावरांच्या पाण्याची टाकी यांपासून लांब नेऊन धुवायचा, हातात मोजे घालून.