नीळ खरंच १८९७ साली संपली का?

रसायनशास्त्राच्या वर्गात निळीची गोष्ट दोन ओळींत आटोपते. बायर यांनी रेणूची रचना उलगडली, १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि भारतातली निळीची शेती बुडाली. एम.एस्सी.ला मीही हेच पाठ केलं होतं. प्रकाश कुमार यांचं ‘इंडिगो प्लांटेशन्स अँड सायन्स इन कलोनियल इंडिया’ (२०१२) वाचलं आणि ही गोष्ट किती अर्धवट आहे ते कळलं.

पुस्तकाची सगळ्यात मोठी ताकद म्हणजे हरलेल्या बाजूचं विज्ञान ते गांभीर्याने घेतं. बिहारचे मळेवाले हातावर हात धरून बसले नव्हते. त्यांनी रसायनज्ञ नेमले, हौदातल्या आंबवण्यावर प्रयोग केले, जावाच्या जातीचं बियाणं लावून पाहिलं. अडचण फक्त भावाची नव्हती. झाडापासून केलेल्या निळीच्या वडीत रंगद्रव्याचं प्रमाण कमीजास्त व्हायचं. कारखान्याच्या निळीत ते ठरलेलं असायचं. पुढे १९१४ च्या युद्धात ब्रिटनला होणारा जर्मन रंगांचा पुरवठा तुटला, तेव्हा नैसर्गिक निळीला पुन्हा मागणी आली. म्हणजे १८९७ ही शेवटाची सुरुवात होती, शेवट नव्हे.

जर्मन बाजूही झटपट जिंकली नव्हती. बायर यांनी १८८० च्या सुमारास प्रयोगशाळेत नीळ बनवली होती, पण ती परवडत नव्हती. डांबरातल्या नॅप्थलीनपासून स्वस्त कच्चा माल मिळेपर्यंत जवळपास १७ वर्षं गेली. ‘रिअ‍ॅक्शन झाली’ आणि ‘माल विकला गेला’ यांत एवढं अंतर असतं!

आता माझी तक्रार. पुस्तकाचा भर मळेवाले, रसायनज्ञ आणि सरकारी खाती यांच्यावर आहे. कुळं मागे राहतात. चंपारणात ‘तीनकठिया’ पद्धतीत २० कठ्ठ्यांच्या बिघ्यातल्या ३ कठ्ठ्यांवर नीळ लावायची सक्ती होती. निळीचा भाव पडल्यावर अनेक मळेवाल्यांनी कुळांना या सक्तीतून सोडवलं, पण त्या बदल्यात खंड वाढवला किंवा रोख रक्कम उकळली. म्हणजे जर्मन कारखान्याशी झालेल्या स्पर्धेचा तोटा शेवटी कुळाच्या माथी गेला. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते याच पार्श्वभूमीवर, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया बंद झाली. हौदातला उतारा किती वाढला हे मोजताना त्या उताऱ्याची किंमत कोण मोजत होतं, हा प्रश्न मला या पुस्तकात आणखी ठळक हवा होता.

तरीही संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. आपण लिटरेचर रिव्ह्यू लिहितो तेव्हा यशस्वी झालेल्या पद्धतींचीच रांग लावतो. एखादी पद्धत मागे पडली असेल, तर ती रसायनामुळे पडली, भावामुळे पडली की युद्धामुळे, हे वेगळं करून बघा. आणि तुमच्या विषयातली ‘दोन ओळींची गोष्ट’ कोणती, ते आधी शोधा. बऱ्याचदा प्रबंधाचा प्रश्न तिथेच दडलेला असतो.