ब्लॉगर म्हणजे कोण? २३३ जणांचं उत्तर

ब्लॉग लिहिणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण येतं? राजकारणावर तावातावाने भांडणारा, बरोबर? अमेरिकेत २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीत अशाच ब्लॉगरांची चर्चा झाली. पण चर्चा होते ती ठळक दिसणाऱ्यांची. बाकीचे कोण असतात?

२००६ साली प्यू इंटरनेट प्रकल्पाने अहवाल काढला. लेखिका अमांडा लेनहार्ट आणि सुझॅना फॉक्स. त्यांनी ब्लॉगरांना फोनवर गाठून विचारलं. मुख्य विषय 'माझं आयुष्य आणि अनुभव' असं ३७ टक्के म्हणाले, राजकारण म्हणणारे फक्त ११ टक्के. आणि ५२ टक्के म्हणाले, आम्ही मुख्यतः स्वतःसाठी लिहितो.

आता जरा थांबा. हे ब्लॉगर होते २३३, आणि चुकीची मर्यादा अधिक-उणे ७ टक्के. म्हणजे ३७ हे ३० ते ४४ असू शकतं, ११ हे ४ ते १८. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत, तेव्हा राजकारणी ब्लॉगरचा समज इथे खरोखर मोडतो. पण ५२ चं काय? ते ४५ ते ५९. 'निम्म्याहून अधिक ब्लॉगर स्वतःसाठी लिहितात' हे वाक्य तुमच्या सिनॉप्सिसमध्ये छातीठोकपणे टाकू नका. (मी असंच एकदा 'बहुसंख्य' लिहिलं होतं. प्रेझेंटेशनमध्ये समितीतल्या सरांनी एवढंच विचारलं, "कितीपैकी?" मला आकडा आठवेना.)

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. स्वतःसाठीच लिहायचं तर वहीत लिहिता येतं की! चारचौघांत मांडणारा माणूस 'माझ्यासाठी' म्हणतो, तेव्हा आपण त्याचा हेतू मोजतो की त्याने स्वतःबद्दल केलेली समजूत? अहवाल हा प्रश्न फारसा उकरत नाही.

याउलट सुझन हेरिंग आणि सहकाऱ्यांनी २००४च्या अभ्यासात माणसांना विचारलंच नाही, २०३ ब्लॉग उघडून वाचले. त्यात सुमारे ७० टक्के रोजनिशीसारखे निघाले. मग ३७ खरं की ७०? दोन्ही खरे असू शकतात. एकीकडे लिहिणाऱ्याने आपला मुख्य विषय सांगितला, दुसरीकडे संशोधकांनी लेखनाचा प्रकार ठरवला. हे दोन आकडे एका तक्त्यात शेजारी ठेवलेत, तर गाइड ते खोडणारच.