अग्नी, पुनर्जन्म आणि जात : पंचाग्निविद्येची धम्मदृष्टीने चिकित्सा

वर्षावासाच्या काळात ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर या पट्ट्यातील विहारांतून बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होत असते. वाचन चौथ्या खंडाशी आले की उपासक-उपासिकांकडून एक प्रश्न हमखास विचारला जातो : आत्मा नाही, तर पुनर्जन्म कोणाचा? त्याला आणखी एक प्रश्न जोडून येतो. शेजारच्या सदनिकेत गृहप्रवेशाचा होम होतो, त्याबरोबर पूर्वजन्मीच्या कर्माचे प्रवचनही कानी पडते. मग आमचा तरुण विचारतो, ‘उपनिषदांनीही पुनर्जन्म सांगितला आणि बुद्धांनीही सांगितला, मग दोहोंत भेद तो कोणता?’ हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. म्हणून अग्नी व पुनर्जन्म यांची सांगड घालणारे जे सर्वांत जुने तत्त्वज्ञान आपल्याकडे प्रसिद्ध आहे, त्या पंचाग्निविद्येची चिकित्सा आम्ही येथे करीत आहोत.

विद्येचे स्वरूप

ही विद्या छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात आणि बृहदारण्यकाच्या सहाव्या अध्यायात येते. पांचालांच्या सभेत प्रवाहण जैवलि हा राजा श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारतो. श्वेतकेतूला एकाचेही उत्तर देता येत नाही; त्याचे पिता उद्दालक आरुणी यांनाही ती ठाऊक नसतात. अखेर आरुणी राजाकडे शिष्यभावाने जातात. ही विद्या याआधी ब्राह्मणांकडे नव्हती, असे राजा स्पष्टपणे सांगतो. ज्ञान ही एका वर्णाची मिरासदारी आहे असे मानणाऱ्यांनी ही कथा लक्षात ठेवावी.

राजाच्या उपदेशानुसार द्युलोक, पर्जन्य, पृथ्वी, पुरुष आणि स्त्री हे पाच अग्नी आहेत. त्यांत क्रमाने श्रद्धा, सोम, वृष्टी, अन्न आणि रेत यांची आहुती पडते. पाचव्या आहुतीनंतर जल हेच पुरुष म्हणून जन्मास येते. मृत्यूनंतर चितेच्या अग्नीतून पुढे दोन मार्ग फुटतात. ज्ञानी देवयानाने जातात व परतत नाहीत. इष्टापूर्त करणारे पितृयानाने चंद्रलोकी जाऊन पावसावाटे पुन्हा धान्यात, अन्नात व गर्भात उतरतात. या कल्पनेत भव्यता आहे, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. पाऊस, पीक, अन्न आणि संतती यांना एका साखळीत गुंफणारी ही दृष्टी निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षण केल्याखेरीज सुचणार नाही.

दोष कोठे आहे?

परंतु छांदोग्याचा प्रवाह येथे थांबत नाही. ज्यांचे आचरण रमणीय ते ब्राह्मण, क्षत्रिय वा वैश्य योनीत जन्म घेतात; ज्यांचे आचरण गर्ह्य ते श्वान, सूकर वा चांडाल योनीत जातात, असे तेथे सांगितले आहे. कुत्रा, डुक्कर आणि चांडाल एका ओळीत! उल्लेखनीय बाब अशी की, बृहदारण्यकातील याच विद्येच्या पाठात हे वाक्य नाही. तेथे दोन्ही मार्ग न जाणणारे किडे, पतंग व दंश करणारे जीव होतात, एवढेच म्हटले आहे. अर्थात, जातीची उतरंड हा पंचाग्निविद्येचा अटळ निष्कर्ष नव्हे. ती तिला चिकटविता येते आणि तशी ती चिकटविली गेली. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ब्रह्महत्या करणाऱ्याला मिळणाऱ्या योनींत पुन्हा श्वान, सूकर आणि चांडाल येतात. जन्माने मिळालेला अपमान हा स्वतःच्याच पापाचा दंड आहे, असे एकदा पटविले की पीडितालाच आरोपी ठरविता येते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले, ते या न्यायाला दिलेले उत्तर होते.

येथे अग्नीला दोष देण्याचे कारण नाही. ठाण्यात पारशी बांधवांची जुनी अग्यारी आहे. अग्नीला पवित्र मानणाऱ्या त्या धर्माच्या मूळ ग्रंथांत जन्ममृत्यूचे असे चक्र नाही, आणि त्यातून चांडाल योनीही निघत नाही. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांबरोबर तेथील सोनार व लोहार यांच्या दानांची नोंद आहे. आयुष्यभर भट्टीपुढे बसणाऱ्या या माणसांनी आपली कमाई भिक्खुसंघाच्या पाण्यासाठी व वाटेसाठी दिली. अग्नी त्यांच्या श्रमाचे साधन होता.

तथागतांचे उत्तर

तथागतांनी अग्नीची भाषा टाकली नाही. तिचा अर्थ पालटला. गयासीस येथे त्यांनी आदित्तपरियाय सुत्त सांगितले ते एक हजार भिक्खूंना. उरुवेल, नदी व गया या तिघा कस्सप बंधूंसह हे सारे पूर्वी अग्निपूजक जटिल होते. त्यांना सांगितले गेले की डोळा, कान, मन हे सर्व पेटलेले आहे. आणि ते राग, द्वेष व मोह यांच्या अग्नीने. वैदिक गृहस्थ तीन अग्नी जतन करीत असे. येथे विझवावयाचे तीन अग्नी दाखविले. अंगुत्तर निकायाच्या अग्गिसुत्तात तर जतन करण्याचे अग्नीही सांगितले आहेत : मातापिता, पत्नी, मुले व कामकरी, आणि सदाचारी श्रमण. होमकुंडाची जागा माणसांनी घेतली.

आता मज्झिम निकायातील अस्सलायन सुत्त पाहावे. क्षत्रियाने चंदनाचे लाकूड घेऊन अग्नी पेटविला आणि चांडालाने कुत्र्याच्या वा डुकराच्या द्रोणीचे लाकूड घेऊन पेटविला, तर दुसऱ्या अग्नीला ज्वाळा, वर्ण व प्रकाश नसतो काय, असे तथागत विचारतात. छांदोग्याने ज्या तिघांना एका ओळीत बसविले, तेच तिघे येथे आहेत : श्वान, सूकर, चांडाल. मात्र निष्कर्ष नेमका उलट आहे. दोन्ही अग्नी सारखेच जळतात व अग्नीचे काम सारखेच करतात. या दोन उताऱ्यांचा परस्परसंबंध काहीही असो. ते शेजारी ठेवून वाचले की आमच्या तरुणाला त्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे मिलिंदपञ्हात आहे. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला, तर पहिल्यातून काही निघून दुसऱ्यात जाते काय, असे नागसेन राजाला विचारतात. ज्योतीची परंपरा असते, प्रवासी आत्मा नसतो.

आपल्या ग्रंथांचीही परीक्षा

तथापि दुसऱ्यांचे ग्रंथ तपासताना आपले ग्रंथ झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नव्हे. चूळकम्मविभंग सुत्तात नीच व उच्च कुळातील जन्माचा संबंध पूर्वकर्माशी जोडला आहे; बालपंडित सुत्तात मूर्ख मनुष्य चांडालादी कुळांत जन्मतो असे आले आहे. हे उतारे आहेत, ते लपविण्यात अर्थ नाही. बाबासाहेबांनी ही अडचण ओळखली होती. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच त्यांनी आत्मा नाकारणे आणि कर्म व पुनर्जन्म मानणे यांतील विसंगतीचा प्रश्न मांडला. जे बुद्धिसंगत नाही आणि मनुष्यकल्याणाशी ज्याचा संबंध नाही, ते बुद्धवचन म्हणून स्वीकारू नये, ही कसोटीही त्यांनी दिली. पृथ्वी, आप, तेज व वायू ही भूते मृत्यूनंतर आपापल्या समूहात मिळतात व पुन्हा संयोग पावतात, एवढ्याच अर्थाने त्यांनी पुनर्जन्म मानला. त्याच आत्म्याचा फेरा, आणि त्याच्यामागून येणारा पूर्वजन्मीच्या पापाचा हिशेब, त्यांनी नाकारला.

म्हणून उपासकांना आमचे सांगणे असे की, ‘तुमच्याकडेही पुनर्जन्म आहे’ असे कोणी म्हटले तर गांगरून जाऊ नये. त्या सिद्धांताने कोणाच्या माथी कलंक मारला जातो, एवढे विचारावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी एकविसावी प्रतिज्ञा नव्या जन्माची आहे. तो जन्म चंद्रलोकातून पावसाबरोबर उतरत नाही आणि त्यासाठी मरावेही लागत नाही. तो याच देहात, याच वस्तीत, स्वतःच्या निश्चयाने घ्यावयाचा आहे.