दोन अक्षरं जास्तीची

शाळेत अक्षरगणवृत्त शिकताना आपण ओळीचे तीन-तीन अक्षरांचे गण पाडत असू. पेशीही जनुक तसंच वाचते: तीन अक्षरांचा गण, त्याचं एक अमिनो आम्ल. एक्स गुणसूत्रावरचं फॉक्सपी३ हे जनुक असं वाचत गेलं, की ४३१ अमिनो आम्लांचं प्रथिन तयार होतं. ते डीएनएला धरून काही जनुकांना जागं करतं, काहींना गप्प बसवतं. डीएनएवर पकड बसवणारा त्याचा ‘फोर्कहेड’ भाग थेट शेवटाकडे येतो. अभंगाचा सगळा भार अखेरच्या चरणावर असावा, तशी ही रचना.

ती बिघडली की काय होतं, हे १९४९ साली अमेरिकेत ओक रिजच्या प्रयोगशाळेत दिसलं. काही नर उंदरांची कातडी सोलवटू लागली, प्लीहा सुजली आणि काही आठवड्यांत ते मेले. रोगजंतूंशी लढणाऱ्या त्यांच्याच टी-पेशी त्यांच्या अवयवांवर उठल्या होत्या. कुंपणच शेत खात होतं. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल या संशोधकांनी पुढे या उंदरांतली २० संशयित जनुकं एकेक करून तपासली. दोष निघाला विसाव्यात: दोन अक्षरं जास्तीची. तेवढ्यानं पुढचे सगळे गण फिसकटले, ओळ मध्येच तुटली, फोर्कहेड आलाच नाही. २००१ साली हे छापून आलं. तान्ह्या मुलग्यांना मधुमेह, जुलाब आणि इसब एकदम जडवणाऱ्या आयपेक्स या विकाराचं मूळही याच जनुकात सापडलं. मुलींना बहुधा दुसऱ्या एक्सवरची धड प्रत तारते.

इतर टी-पेशींना आवरणाऱ्या, शिमोन साकागुची यांनी १९९५ साली दाखवलेल्या नियामक टी-पेशी घडवतं ते हेच जनुक, हे २००३ साली कळलं. यातली मला सर्वांत आवडणारी जागा इंटरल्युकिन-२ ची. टी-पेशी वाढतात त्या या रसायनावर. फॉक्सपी३ आपल्या पेशीत ते बनवणंच थांबवतं, पण ते टिपणारे ग्राहक मात्र भरपूर वाढवतं. स्वतःची चूल विझवायची आणि शेजाऱ्याच्या पातेल्यात हात घालायचा! शेजारच्या आक्रमक पेशींची उपासमार होते, दंगल आपोआप निवते. शस्त्र न उचलता.

ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींचे पोवाडे पुष्कळ झाले. लढाई कुठे थांबवायची हे सांगणारं हे जनुक त्यांच्याइतकंच मोठं आहे.